टेन्शनचा नॉब आन् फुलंब्रीचं पाहुणं

...आन् वरून मलाच इचारतात, "काय सर्जेराव, खुर्चीवरून माणूस पडतो का हो कधी?" आवं, पडतो का म्हंजे! पडत नसतो, पाडतात त्याला! फरक हाय त्यात! तुमाला सांगतो, मी सोयगावच्या रानात वाढलेला माणूस, मारक्या बैलाच्या गळ्यात हात घालून त्याचं दावं सोडलंय, एकदा म्हशीनं मला उचलून उकिरड्यावर फेकलं तर मी उठलो, कपडे झटकले आन् तिचीच धार काढली... पण ह्या काळ्या खुर्चीनं पाच दिवसांत माझं जे केलं ना, ओठ फाटला, कोपर सुजलं, नडगी सोलली, जिभेचा तुकडा पडता पडता राह्यला... आन् काम काय व्हतं? निस्तं बसायचं!

थांबा, मुळापासून सांगतो. गुलमंडीच्या मागं आमच्या शिक्षण संस्थेचं हापिस हाय, तिथं मी हेडक्लार्क. सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस वर्षं एकच लाकडी खुर्ची. तिचा एक पाय आखूड, त्याच्याखाली जुन्या परिपत्रकाची घडी. पण सत्तावीस वर्षांत तिनं माझ्यावर हात उगारला नाय. दुपारी डबा झाला का मी टेबलाला पाय लावायचो, खुर्ची मागच्या दोन पायांवर करायची, मागच्या लोखंडी कपाटाला टेकवायची, तोंडावर जावक रजिस्टर घ्यायचं... अर्धा तास. कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण आमचे नवीन सचिव, शंतनू साहेब, पुण्याहून शिकून आलेले. पोरगा चांगला हाय, वाईट बोलनार नाय मी, पण बोलतो असा का समोरचा आजारीच हाय. "काका, मी तुमच्या स्पाइनचा विचार केलाय." म्हणलं, साहेब, स्पाइननं तुमच्याकडं तक्रार केली का? "नाही काका, पण करेल ना! उद्यापासून तुम्ही नव्या खुर्चीवर." झालं! लाकडी खुर्ची गेली भिंतीकडं, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला, आन् खोक्यातून निघाली ही. काळी. पाठीला जाळी. खाली पाच पाय, पाच चाकं, दोन्हीकडं दांडे, पोटाखाली एक जाडजूड गोल नॉब. मी म्हणलं, ही बसायची हाय का नांगरायची?

आता आमच्या हापिसात कुठलं बी मशीन आलं का नारळ फुटतो. प्रिंटर आला, फुटला. पाण्याचा फिल्टर आला, फुटला. आमचा शिपाई गोकुळ, नव्वद किलोचा गडी, माझ्याच वयाचा, पूजेचं समदं खातं त्याच्याकडं. हळद-कुंकू वाह्यलं, उदबत्ती लावली आन् म्हणायलाय, "अण्णा, ज्याची पूजा त्याच्यावरच नारळ फोडावा." आन् मी हो म्हणायच्या आत दिला ठेवून खुर्चीच्या पोटात, खालच्या लोखंडावर! नारळ फुटला नाय. लोखंडावरचं झाकण फुटलं. मंग दुसऱ्यांदा हाणला तवा नारळ फुटला, पाणी समदं स्प्रिंगमधी. म्हंजे पहिला वार आमीच केला, हे मी कबूल करतो. देवाशपथ कबूल करतो. पण त्याचा एवढा सूड घ्यायचा?

आन् हे समदं कवा? माझ्या पोरीचं, श्रेयाचं, लग्न जमायच्या येळेला! आमची श्रेया वाळूजला कंपनीत हाय, तिथंच हाय फुलंब्रीच्या कडूबा पाटलांचा माऊली. दोघांचं एकमेकांना पसंत, पोरगा गुणाचा, आमच्या घरात समदे राजी, अडलं फक्त कडूबा पाटलांपाशी. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, माणूस तालेवार, आन् त्यांचा एक नियम. त्यांनी निरोप धाडला, "पोरगी बघायच्या आधी मी पोरीचा बाप बघतो. आन् घरी नाय, कामावर बघतो. घरी समदेच पडदे धुवून बसतात. शुक्रवारी अकरा वाजता हापिसात येतो." आता बोला! मोठ्या पोराच्या टायमाला म्हणं त्यांनी एक सोयरीक निस्ती ह्याच्यावर मोडली का पोरीचा बाप हापिसात टेबलावर डोकं ठेवून घोरत व्हता.

आन् मी कुठं बसायलो व्हतो? त्या राक्षशिणीवर!

सोमवारी पहिल्यांदा बसलो. सकाळी बरं चाललं, मी टोकावरच बसलो व्हतो. दुपारी डबा झाला, डोळे जड झाले आन् सत्तावीस वर्षांची सवय... लावले टेबलाला पाय, दिला रेटा! आवं, लाकडी खुर्ची दोन पायांवर उभी राह्यची, हिला चाकं! खुर्ची पुढं, मी मागं, पाठ आडवी, पाय आभाळात, डोकं धाडकन कपाटावर, कपाटावरच्या फायली धबाधबा माझ्या छातीवर, आन् शेवटी शांतपणे, एकटाच, वरून चहाचा कप! उताणा पडून बघतोय, छताला पंखा हाय आन् त्याला एक पातं कमी हाय हे मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. गोकुळ वरून वाकून इचारतो, "अण्णा, पडले का?" नाय रे बाबा, पंखा बघायला आलोय! काम काय? निस्तं बसायचं!

साहेब धावत आले. "काका, इट्स व्हेरी सिंपल! हा उजवा लिव्हर, हाइटचा. हा डावा लिव्हर, टिल्ट लॉकचा. आत ढकलला की पाठ लॉक, बाहेर ओढला की मोकळी. आणि हा खाली नॉब आहे ना, तो टेन्शनचा." मी म्हणलं, साहेब, टेन्शन मला हाय, हिला कशाला पायजे? "तसं नाही काका... तुम्ही पॅसिव्ह बसता. डायनॅमिक बसा!" आता चालायचं डायनॅमिक ऐकलंय, पळायचं ऐकलंय... बसायचं बी डायनॅमिक?

मंगळवारी मी आन् गोकुळनं इचार केला का पाठ लई ढिली हाय म्हणून पडलो, तवा नॉब आवळा. मी खुर्चीखाली उताणा घुसलो. आता नॉबवर पुसटसं अधिक-वजा व्हतं, त्याच्यावर गोकुळच्या कुंकवाचा थर. मी आवळला. गोकुळ म्हणं, अजून. अजून आवळला. पान्हा आणला. पान्ह्यानं आवळला! पार हलंना तवा बाहेर आलो आन् बसलो. बघतो तर पाठ जागची हलंना! भिंतीला टेकल्यागत. मी एक्कावन्न किलोचा माणूस, समदं अंग टाकलं, इंचभर नाय. म्हणलं, गोकुळ, ओढ मागून. त्यानं नव्वद किलो लावून ओढली, खुर्ची करकर करत गेली मागं, मी पटकन डावा लिव्हर आत ढकलला. लॉक! आहाहा... काय झोकात बसलो व्हतो सांगू! दहा मिनिटं. दहा मिनिटं मी सचिव व्हतो!

मंग खाली पेन पडला. मी वाकलो, हात लागला लिव्हरला... धाड! पाठीत असा दणका, असा दणका, का मी खुर्चीवरून सुटलो ते सरळ कीबोर्डवर! तोंडावर! ओठ फाटला, नाकातून रगत, स्क्रीनवर नाकानं दोन ओळी टाइप झाल्या, त्या कशा काय कोण जाणे साहेबांना मेल गेल्या... आन् दोन मिनिटांत साहेबांचं उत्तर! "नोटेड." बघा म्हंजे!

बुधवारचं मी लई सांगत नाय, कारण बुधवारी मला बोलताच येत नव्हतं. समोरच्या फायलीवर हनुवटी टेकवून वाचत व्हतो आन् चुकून उजवा लिव्हर ओढला, आसन खाली गेलं बदकन, हनुवटी टेबलावर राह्यली, जीभ दातांत. आसं मुकं हुंदकत घरी गेलो. श्रेयानं बघितलं, ओठ सुजलेला, नाक लाल, "पप्पा, कोणी मारलं?" मी म्हणलं, "खुल्शीनं." ती आधी हसली. मंग एकदम रडायलाच लागली. माझा हात धरून म्हणं, "पप्पा, शुक्रवारी ते येणार आहेत. मला काही नको, दागिने नको, मोठं लग्न नको. तुम्ही फक्त एक तास नीट बसा. बाकी काहीच करू नका." आयुष्यात पोरीनं पहिल्यांदा बापाकडं काय मागितलं? नीट बसा! लोक पोरींसाठी काय काय करतात, आन् मला काम काय? निस्तं बसायचं!

म्हणून गुरुवारी मी बसलोच नाय. मी लढलो! हापिसात गेलो, दार लावलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आन् घातली तिला लाथ. ती गेली गरागरा फिरत, भिंतीवर आपटली आन्... परत आली! आमच्या हापिसाची फरशी उताराची हाय ना! आली ते सरळ नडगीवर! मंग माझं टाळकं फिरलं. गोकुळला म्हणलं, आण पहार! शाळेच्या आवारातली झाडं लावायची पहार, वीस किलोची. घातली हिच्या डोक्यात. आता डोकं म्हंजे पाठीचं वरचं टोक, तिथं जाळी. जाळीवरून पहार उसळली ती गोकुळच्या करंगळीपाशी! गोकुळनं अशी आरोळी मारली का शेजारच्या वर्गातली पोरं शाळा सुटली म्हणून बाहेर पळाली. मंग गोकुळ चवताळला, त्यानं तिला दोन्ही हातांनी धरून खाली पाडलं, वर बसला, मी नायलॉनच्या दोरीनं तिचे पाचही पाय बांधले... तर वरचं धड गर्रकन फिरलं आन् दांड्यानं गोकुळला अशा ठिकाणी हाणलं का तो बिचारा अर्धा तास भिंतीकडं तोंड करून उभा व्हता. दोन कर्ती माणसं, एक खुर्ची, आन् जिंकली कोण?

शेवटी शहागंजच्या हनीफभाईला बोलावलं. सोफे, खुर्च्या, समदं दुरुस्त करणारा जुना कारागीर. आला, दोरीनं बांधलेली खुर्ची बघितली, पहार बघितली, आमाला बघितलं. "क्या सरजेराव भाई, कुर्सी को मारते क्या? कायकू मारते? इसने क्या बिगाडा?" मी तोंड दाखवलं. नडगी दाखवली. गोकुळ दाखवणार व्हता, त्याला थांबवलं. हनीफभाईनं खुर्ची उलटी केली, कुंकू पुसलं, नारळाचं खोबरं काढलं आन् मायेनं म्हणतो, "सुनो। इसके पेट में एक मोटी इस्प्रिंग है। ये नॉब कसे तो इस्प्रिंग कसती। भारी आदमी कू कसी हुई होना, हलके कू ढीली। नै तो भारी आदमी पीछे गिरता, हलके कू कुर्सी फेंक देती। आपका वजन कित्ता?" मी म्हणलं, एक्कावन्न. "एक्कावन? और पैलवान की इस्प्रिंग कस के बैठे? कुर्सी खराब नै है भाई। आपका वजनच नै है!"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझं एवढं खरं मोजमाप कुणी केलं नव्हतं!

त्यानं मला बसवलं. नॉब थोडा ढिला केला. "टेको।" टेकलो. अजून ढिला. "अब टेको।" शिंपी अंगरखा बेततो तसं चाललं व्हतं. पार शेवटच्या आट्यापातुर ढिला केला आन् म्हणाला, "अब।" मी पाठ टेकवली... आन् ती आली माझ्यासंगं! अलगद. मागं गेलो तर मागं, पुढं आलो तर पुढं. कुणी पाठीला हात लावून धरल्यागत. तुमाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या खुर्चीला सकाळी पहारीनं मारलं तिच्या दांड्यावर हात फिरवला मी. गोकुळनं नाय फिरवला. त्याचं अजून दुखत व्हतं.

शुक्रवार उजाडला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. साडेदहापासून बसलो. पाठ टेकून, हात दांड्यांवर, समोर फाइल उघडी. साहेब दारातून बघून म्हणाले, "वा काका, परफेक्ट!" अकरा वाजता दारात सावली पडली. सावलीनंच दार भरलं! पाठीमागून कडूबा पाटील. आवं माणूस का काय... एकशे अठरा किलो. आकडा अंदाजाचा नाय, नंतर दवाखान्यात काट्यावर घेतला तवाचा हाय. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, मिशी. दारातच उभे राह्यले आन् मला बघू लागले. मी बसलेला. नीट बसलेला! ते मान डोलवायला लागले. मनात म्हणलं, श्रेया, जमलं गं तुझं...

आता तुमी मला सांगा. पाहुणा दारात आलाय, व्याही व्हणार हाय, आन् आपन काय करतो? बसून राहतो? उठतो! उठतो का नाय? आन् उठलो का काय करतो? आपली जागा त्याला देतो! आईच्या दुधातून आलंय ते आपल्याला! पाच दिवस, पाच दिवस मी रगत सांडून बसायला शिकलो, आन् उठावं लागंल हे माझ्या ध्यानातच नव्हतं! मी उभा राह्यलो, दोन्ही हात जोडले आन् माझं हे फाटकं तोंड आपोआप बोललं, "या या पाटील, इथं बसा, इथं!"

आन् बोललो तवा आठवलं. नॉब. एक्कावन्न किलोचा.

म्हणलं, "नाय, नाय, तिथं नका, हिकडं बसा, भिंतीकडं, लाकडी खुर्चीवर." पाटलांचं तोंड उतरलं. "का हो? येणाऱ्याजाणाऱ्याच्या खुर्चीवर? ही आमाला शोभत नाय व्हय?" झालं! मोडली का सोयरीक? म्हणलं, "आवं तसं नाय, शोभती, लई शोभती, पण ही जरा..." "जरा काय?" आता काय सांगू? तुमचं वजन जास्त हाय म्हणून सांगू? पोरीच्या बापानं? पाटील ठसक्यात आले आन् बसले. खुर्चीनं एकदा उसासा टाकला. अजून सरळच बसले व्हते, टेकले नव्हते. म्हणलं, टेकायच्या आत लॉक करावी. मी झेप घेतली खाली, डाव्या लिव्हरवर! पाटील लाजले, "आवं आवं सर्जेराव, पाया काय पडता, उठा, तुमी माझ्याच वयाचे..." आन् मी लिव्हर ढकलायच्या नादात ओढला. पण मी समोरून व्हतो! माझा डावा म्हंजे त्यांचा उजवा! उंचीचा!

आसन गेलं खाली, सप्पकन. पाटील दचकून टेकले मागं.

मंग काय सांगू तुमाला... पाठ गेली, पाटील गेले, पाय वर आले, बुटाचं टोक माझ्या हनुवटीखाली लागलं, मी हवेत, चाकं पुढं सुटली, पाटलांचं डोकं कपाटावर, कपाट हललं, थरथरलं, आन् एकोणीसशे शहाऐंशीपासूनच्या समद्या फायली आमच्या दोघांवर! त्यांना सावरायला मी त्यांच्या मानेखाली हात घातला तर ते एकशे अठरा किलो माझ्या मानेवर. कट् असा आवाज आला. हा मानेचा पट्टा मघापासून बघायलेत ना तुमी, तो त्या कट्चा.

धूळ बसली. साहेबांनी दारातूनच डोळे झाकले. फायलींच्या खाली आमी दोघं, तोंडाला तोंड. मी मनात म्हणलं, संपलं. श्रेया, पोरी, माफ कर गं, तू एकच मागितलं व्हतंस. खरं सांगतो, मार लागल्याचं नाय, पण तवा मला रडू आलं.

पाटलांनी तोंडावरची फाइल बाजूला सारली. "सर्जेराव."

"जी."

"ही अशीच हाय का खुर्ची?"

"व्हय."

"आन् तुमी रोज हिच्यावरच बसता?"

"व्हय. सोमवारपासून. ओठ हिनं फाडला. नडगी बी हिचीच."

"तरी नोकरी सोडली नाय? कुणाला शिवी नाय, तक्रार नाय?"

पहारीचं मी काय बोललो नाय. म्हणलं, "नाय."

पाटील हळूच, "पोरगी कुणावर गेलीय? आईवर का तुमच्यावर?"

"माझ्यावर म्हणतात समदे."

"मंग पसंत हाय. आमच्या घरात माझी आई, माझी बायको आन् माझी थोरली बहीण, तिघी एकत्र राहतात. अशीच पोरगी टिकंल."

आता बोला! तिथंच, फायलींच्या खाली, सोयरीक पक्की! गोकुळ पळत गेला पेढे आणायला, नारळाचं नाव काढलं नाय त्यानं. श्रेयाला फोन केला तर ती रडली, हसली, "पप्पा, तुम्ही नक्की केलं काय?" आता काय सांगू तिला?

लग्न तीन आठवड्यांवर आलंय. समदं उरकलं, हॉल झाला, पत्रिका झाल्या. राह्यलं एकच. आमच्याकडं मांडवाच्या दारात व्याहीभेट असती, माहीतच हाय तुमाला. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारायची आन् समद्या वऱ्हाडासमोर एकदा पोरीच्या बापानं पोराच्या बापाला उचलायचं. वाजंत्री वाजतात, लोक टाळ्या पिटतात. डॉक्टर म्हणाले, सर्जेराव, सहा आठवडे पाण्याची बादली बी उचलायची नाय. आन् काल पाटलांचा फोन आला, लई खुशीत, "सर्जेराव, तब्येत सांभाळा बरं का, मी बी कालपासून दोन टाइम तूपभात चालू केलाय!"

काय करता... उचलायचं. पोरीचा बाप हाय मी.